चांदबीचं उखळ आणि सरदाराचा घोडा

धप्... धप्... धप्! आता कसं सांगू तुम्हाला, हा आवाज आठवला की या वयातही माझे कान लाल होतात.

तो आमच्या शेजारच्या चांदबीचाचीच्या मुसळाचा आवाज. गावाच्या मिरच्या कुटून ती पोट भरायची. एकदा लेकीच्या बाळंतपणाला मलकापूरला गेली. मुसळ चोरीला जाईल म्हणून सोबत नेलं. उखळ तर अंगणात गाडलेलं. ते कोण नेणार?

मी नेलं!

झालं असं, पावसात तिच्या अंगणाची भिंत पडली आणि उखळ रस्त्यावरून दिसू लागलं. त्याच दिवसांत एक गोरा साहेब गावातली जुनी मशीद बघायला आला. सोबत बुलढाण्याचा कारकून. साहेबाची नजर नेमकी त्या खळग्यावर गेली.

"काय रे हे?" साहेबाच्या वतीने कारकुनाने मला विचारलं.

एवढा मोठा माणूस मला विचारतोय, आणि मी 'उखळ' म्हणू? कीर्तनकारासारखा आवाज लावला, "सरदाराच्या घोड्याची टाप हाय, साहेब!"

"एकच? बाकीचे पाय कुठं गेले?"

"घोडा उडी मारून राह्यला होता ना!"

साहेबाने घाम पुसायला टोपी काढली. गाव म्हणालं, मुजरा केला!

मग काय विचारता! चावडीवरच्या म्हाताऱ्यांना भराभर आठवू लागलं. एकाच्या आज्याने ठिणग्या पाहिल्या होत्या. दुसऱ्याच्या पणज्याने घोड्याला हरभरा चारला होता. शेजारच्या गावाला हे कसं सहन व्हावं? तिथे दुसरी टाप निघाली. त्यापुढच्या गावात तिसरी. घोडा केवढा झाला बघा! पोटाखाली अख्खा बाजार भरावा.

कोणी शेंदूर लावला, कोणी ऊद जाळला. सरदार कोणाचा, हे मी सांगितलंच नव्हतं ना! लोकांचं उखळ पांढरं होतं. चाचीचं शेंदरी झालं.

आणि मी? रोज तिथे उभा राहून सांगायचो. सांगता सांगता माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. घोड्याचा रंगसुद्धा दिसायला लागला होता मला.

एका सकाळी चाची परतली. खांद्यावर मुसळ.

"सरक ना बाबू. लगनघरच्या मिरच्या कुटायच्या हायेत. घरात दाना नाही."

तिने पाय पुढे टाकला. खोटं कशाला बोलू, मी खरोखर दचकलो. हात आडवा घातला.

"चाची! वहाणा काढ आधी. टाप हाय ते!"

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. चाचीने उखळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुसळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आल्या वाटेने निघून गेली.