खाडी दाखवणाऱ्या बिराजदारबाई

उमरग्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी बिराजदारबाईंनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. "समुद्र बघितलाय का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग दिवाळीनंतर चला आमच्यासंगं." जीवशास्त्राच्या या शिक्षिकेचा शाळेत दरारा मोठा. नकार द्यायची माझी छाती झाली नाही.

दर हिवाळ्यात बाई शिक्षक-पालकांपैकी हौशी मंडळींना कोकणातल्या एका राखीव खाडीवर पक्षी बघायला नेत असत. "पाखरं बघायला येवढं लांब? आपल्या ज्वारीवर काय कमी बसतेत?" असं लोक हिणवायचे. बाई शांतपणे सांगत, "ती हाकलायची असतात, ही बघायची."

त्यांची शिस्त कडक होती. भडक कपडे नकोत, ठरलेली पायवाट सोडायची नाही आणि काठावर मोठ्यानं बोलायचं नाही. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा तुतवार हिमालय ओलांडून इथं येतो, त्याला दोन घास सुखानं खाऊ द्या, असं त्या म्हणत. त्यांचा स्वतःचा आवाज तिथं चढलेला आम्ही फक्त एकदाच ऐकला.

त्या वर्षी माझे वडील सोबत होते. अप्पांचं उमरग्यात आडत दुकान. डोक्याला कायम पांढरा रुमाल, फेट्यासारखा गुंडाळलेला. झोपेखेरीज तो उतरलेला आम्ही पोरांनीही पाहिला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि खाडीत नुसता चिखल. आमच्या मुलखात आटलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाही. कुणाचं लक्ष नसताना अप्पा गावतळ्याच्या गाळात उतरावं तसे पक्षी जवळून बघायला उतरले आणि मांड्यांपर्यंत रुतले. तेवढ्यात भरती सुरू झाली.

बाई पदर खोचून जमेल तेवढ्या पुढं गेल्या. "अप्पा, पाय वढू नका. आडवं व्हा, आन् डोक्याचा रुमाल सोडून टोक हिकडं फेका."

पाणी अप्पांच्या कमरेला लागलं होतं. तरी ते म्हणाले, "बायामाणसांपुढं उघड्या डोक्यानं? ते न्हाय व्हायचं."

तेव्हा बाई ओरडल्या, दोघांच्याही घरच्या भाषेत, कन्नडमध्ये. खाडीवरचे सगळे पक्षी एकदम उठले. अप्पांचा हात डोक्याकडं गेला. त्या रुमालाच्या टोकाला धरून आम्ही सगळ्यांनी त्यांना ओढून काढलं.

अप्पा काठावर मान खाली घालून बसले होते. बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्याकडं पाठ करून उभं केलं. "पक्षी परत उतरतात का बघा," म्हणाल्या. अप्पांचा ओला रुमाल बांधून होईपर्यंत त्यांनी कुणालाही वळू दिलं नाही, आणि त्या स्वतःही वळल्या नाहीत.

उमरग्यात परतल्यावर बाईंनी या गोष्टीचा कधी उच्चारही केला नाही. अप्पाच दुकानात येईल त्याला सांगायचे, "बाईंनी लई मोठं केलं. जीव बी राखला आन् मान बी."

अप्पा मागच्या वर्षी गेले, घरच्या अंथरुणावर, नातवंडांच्या गराड्यात. खाडीनंतरची त्यांची सगळी वर्षं आम्हाला बाईंनी दिली, असं मी मानते. आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. महादेवानं त्यांना आणखी तेवढीच वर्षं धडधाकट शरीरानं द्यावीत, हे आमच्या साऱ्या घराचं मागणं आहे. अप्पा असते, तर त्यांनी ते भरल्या सभेत, बाईंसमोर डोक्यावरचा रुमाल आपल्या हातानं उतरवून मागितलं असतं.