हॉटेल हौशी इन

बारशाला आत्यानं हौशीराम हे नाव ठेवलं, तेव्हाच तिला पुढचं सगळं दिसलं असणार. गावानं नंतर नावं ठेवली ती वेगळी.

लेण्याद्रीच्या पायथ्याला त्याच्या आईच्या, साळुबाईच्या, चार खोल्या होत्या. डोंगरावर गणपतीला नाहीतर लेणी बघायला आलेली माणसं तिच्याकडं मुक्कामाला थांबायची. सतरंजी, बंबाचं कढत पाणी, पिठलं-भाकरी. पण त्याआधी परीक्षा. "कुठलं पावणं? कुनाचं तुमी?" हे विचारल्याशिवाय म्हातारी कुलूप काढायची नाही. दोन मिनिटांत पाहुणा तिच्या कुठल्यातरी मावशीच्या जावेच्या भावकीतला निघायचा. निघत नसला, तर ती काढायची.

सत्त्याण्णव साली हौशीराम पुण्याहून परत आला. तिथल्या मोठ्या हॉटेलात सहा वर्षं चादरी बदलत होता. गावच्या वेशीत शिरेपर्यंत मॅनेजर झाला. त्यानं खोल्यांना गुलाबी रंग फासला, काउंटर बसवलं, त्यावर घंटी ठेवली, गळ्यात टाय अडकवला आणि दारावर बोर्ड लावला, 'हॉटेल हौशी इन'.

पहिल्याच दिवशी शेजारच्या डिंगोरे गावचे चौघं आत येऊन ऐसपैस बसले. "चार मिसळ. रस्सा जास्त."

"हे खायचं हॉटेल न्हाई, ऱ्हायाचं हाय!"

"मग लॉज म्हन की, राव."

लॉज म्हटलं की हौशीरामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लॉज म्हणजे फाट्यावरचं, जिथं माणसं तोंडाला रुमाल बांधून शिरतात ते! आपलं इन. आता इन म्हणजे काय, हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं? 'लॉजपेक्षा वरचं' एवढंच सांगायचा. गावातल्या कुणा टवाळानं समोरच्या उकिरड्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहून टाकलं, 'आउट'.

आईला त्यानं मागं गोठ्याकडं बसवलं. "आये, आता कुनाला कुनाचं-बिनाचं इचारायचं न्हाई. ही कस्टमर हायेत. प्रायव्हसी असती."

"कोन ही प्रायव्हसी?" साळुबाई म्हणाली. "कुनाची?"

आता हा सगळा थाट कशापायी? तर लग्नापायी. वय बत्तीस, सात ठिकाणी नकार. शेवटी पोपट मध्यस्थानं घोडेगावच्या सोमाजींची इंद्रायणी सुचवली. मुलगी शिकलेली, शांत. तिचा फोटो हौशीराम टायच्या मागं खिशात ठेवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की, म्हणजे दिवसभर, बघत बसायचा. मनापासून आवडली होती त्याला. रविवारी तिचे आईबाप घर बघायला येणार होते.

त्याआधीच्या गुरुवारी सकाळी एक वयस्कर जोडपं आलं. बाईला पायऱ्या चढायच्या होत्या, पण गुडघे धड नव्हते. वर जाऊन आल्यावर जरा पडायला खोली हवी होती. हौशीरामनं घंटी उगीचच वाजवली आणि रजिस्टर पुढं सरकवलं. म्हाताऱ्यानं सावकाश, सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरले, रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं आणि जरा थांबला. हौशीरामनं ते मिटून ठेवलं. रजिस्टर भरून घ्यायचं असतं, वाचायचं कुठं असतं?

"पानी मिळंल का, बाबा?" बाईनं विचारलं.

"बाटली आहे, मॅडम. मागवावी लागेल."

दोघं डोंगर चढून आली. बाई आडवी झाली न झाली, तोच दारावर टकटक. "चेक-आउट टाईम, सर. बारा वाजले."

"अर्धा घंटा पडू दे रं. पाय लई सुजल्यात."

"रूल म्हणजे रूल, मॅडम." आणि पठ्ठ्यानं पिशव्या उचलून बाहेर आणल्यासुद्धा.

गोठ्यातून साळुबाईनं हे ऐकलं आणि प्रायव्हसीला खड्ड्यात घालून ती तांब्या घेऊन पुढं आली. "बसा वं बाई, पानी घ्या. कुठल्या तुमी?"

"घोडेगावच्या."

"घोडेगाव? कुनाच्या?"

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. "मी अंजना. इंद्रायणीची आई."

साळुबाईनं घाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. हौशीरामच्या हातात पिशव्या तशाच.

"अवो मामा!" त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. "आधी सांगायचं तर! मला काय म्हाईत?"

"तू इचारलंस कुठं?" सोमाजी म्हणाले. ते साळुबाईकडं वळले. "बाई, तुमच्या घरात पोरगी डोळं झाकून दिली असती. पन ती नांदनार ह्याच्या हॉटेलात. उद्या तिचे बारा वाजले, तर ती जाईल कुठं?"

साळुबाईनं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना अंजनाबाई तिचे हात धरून "येते" म्हणाल्या. सोमाजींनी पिशव्या स्वतःच उचलल्या.

ते गेल्यावर हौशीरामनं रजिस्टर उघडलं. नाव, गाव, सगळं अक्षर न् अक्षर खरं. 'येण्याचे कारण' ह्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलगा बघणे.' शेजारचा 'जाण्याची वेळ' हा रकाना त्याचा त्यानंच, शिस्त म्हणून, सगळ्या पानांवर आधीच भरून ठेवला होता. दुपारी बारा.