शेवरलेटच्या दाराचा पोचा

उत्तरेश्वरच्या पायाला पहिल्यापासूनच भिंगरी. जन्मभर साखर कारखान्याच्या चेअरमनची मोटार हाकली, पुढं कारखाना बंद पडला, तरी हा गडी काही एका जागी बसेना. शेवटी पुण्याच्या लेकीनं प्लास्टिकच्या मोटारीचं किट पाठवलं. शंभरावर सुटे भाग, गोंदानं जोडायचे आणि रंगवायचे. झालं! ओसरीवर जुन्या मोटारींची रांग लागली आणि बायको वच्छलाबाईनं कपाळाला हात लावला.

पण २०१३च्या दुष्काळात आलेली काळी शेवरलेट खेळणं नव्हती. चेअरमनची मोटार अशीच होती, हैदराबादच्या कुण्या नवाबाकडून घेतलेली. किटात स्टेअरिंग डावीकडं, तर पठ्ठ्यानं डॅशबोर्ड कापून ते उजवीकडं आणलं. सगळं जमल्यावर चमचा दिव्यावर तापवला आणि डावीकडच्या मागल्या दारावर दाबला. त्या दाराशी चेअरमन बसायचे. दाराला पोचा पडला.

हा पोचा बहात्तर सालचा. तलवाड्याजवळ दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. दोन दिवस पाणी आलं नव्हतं. त्यातली एक रिकामी कळशी घेऊन मोटारीला हात करत होती. उत्तरेश्वरनं लांबूनच ओळखलं, ही आपली थोरली बहीण मंजुळाबाई. डिकीत पाण्याचा भरला डबा होता. "थांबू नको," चेअरमन म्हणाले, आणि हा थांबला नाही. कळशी दारावर दाणकन आदळली.

त्या दिवसापासून भाऊबीज बंद. एकेचाळीस वर्षं! अक्कानं ही मोटार बघावी, भाऊ काही विसरला नाही हे तिला कळावं आणि यंदा तिनं ओवाळावं, एवढीच त्याची आस. पण नुसती कशी न्यायची? पुण्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढून मगच दाखवू, असं त्यानं मनाशी धरलं.

पोचा पाडल्यापासून मात्र त्याला चैन नव्हतं. जेवता जेवता उठायचा, मोटार फिरवून बघायचा, अंगठा दारावर घासायचा. वच्छलाबाई म्हणाली, "कामून असं करताव? झाली की आता!" त्याला तरी कुठं सांगता येत होतं?

पुण्यात परीक्षकानं डोळ्याला भिंग लावून मोटार न्याहाळली. रंगाला मान डोलावली, स्टेअरिंगचं तर लई कौतुक केलं. मग म्हणाला, "दार वितळलंय हो. अर्धा तास देतो, लांबी-पुट्टी भरून घासून घ्या. पहिला नंबर तुमचाच."

"वितळलं न्हाई, साहेब. हुबेहूब हाय ते." म्हणता म्हणता उत्तरेश्वरची जीभ अडखळली. त्यानं लांबी भरली नाही. नंबर जाणार, हे उघडच होतं. निकालालाही न थांबता खोकं मांडीवर घेऊन तो एसटीत बसला आणि थेट अक्काच्या गावी, तलवाड्याला उतरला.

मंजुळाबाई दारात तांदूळ निवडत होती. भावाला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. त्यानं मोटार तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती उचलून डोळ्यांजवळ नेली. गोल फिरवली. पोच्यावर बोट टेकवलं.

"हे कुणाचं दार?"

"चेअरमनचं."

"मी चेअरमनला कशाला मारीन रं? त्यो माझा कोण लागत होता? मी तुझ्या बाजूला उभी होते, उत्तऱ्या. तुझ्या दारावर हाणली कळशी."

उत्तरेश्वरला हे ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मोटार धुताना त्याचाच हात त्या पोच्यावरून फिरला होता. आपल्याच दारावरून. मग बायकोला, लेकीला, सगळ्या गावाला त्यानं मागलं दार सांगितलं, आणि सांगून सांगून स्वतःलाही पटवलं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं मोटार तिच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "अक्का, चमचा हाय का घरात?"

तिनं आतून चमचा आणला. त्यानं तो चुलीत तापवला, मोटार गुडघ्यात धरली आणि उजवीकडच्या पुढल्या दारावर दाबला. पोचा वाकडाच पडला.

मंजुळाबाईनं बघितलं. "आता खरं हाय," म्हणाली. मग रांजणात तळाला गेलेल्या टँकरच्या पाण्यातून तांब्या भरून तिनं त्याच्यापुढं ठेवला.

"घे. पाणी पी."

उत्तरेश्वरला काही तो तांब्या उचलवेना.