मोडेमच्या कपाळाचं कुंकू

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. किस्सा मयताचा हाय. आणि त्यात घोळ घातला तो दुसऱ्या कुणी न्हाई, ह्या तुमच्या शहाण्यानंच!

आमचं घर चिटगुप्प्यात. धाकटा भाऊ बसू दुबईला, एसी बसवायच्या कामावर. अप्पा खाटेला खिळले, तवा त्यांना बसूचं तोंड दिसावं म्हणून आम्ही टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं, कम्प्युटरला कॅमेरा जोडला. मी उदगीरला राहून कम्प्युटरचा कोर्स केलेला. मग काय इचारता! घरात माझा थाट इंजिनियरचा. टीव्ही बिघडला, मला हाक. मिक्सर बिघडला, मला हाक. दुरुस्त व्हायचं का? ते सोडा.

त्या साली खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा असती, आणि पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्याचं शिलंगण होईस्तोवर कुणी हात लावत न्हाई. त्येला पण इसावा पाहिजे की! मोटरसायकल झाली, शिलाई मशीन झाली, कम्प्युटर झाला. मला तर हुरूपच आला. त्या बारक्या मोडेमला म्या ओली इभूत फासली, वर बोटभर कुंकू थापलं.

अप्पा खाटेवरून बघायले होते. म्हणले, "कमी लाव की रं. डोळ्यात जाईल त्येच्या."

"अप्पा, मोडेमला डोळे नसत्यात!" मी म्हणलो. कोर्स केलेला माणूस ना मी.

शिलंगणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गेले. चहा मागितला, आणि चहा यायच्या आत गेले.

बसूला मोबाईलवर कळवलं. लई रडला. मग म्हणला, "अण्णा, पासपोर्ट मालकाकडं हाय, त्यो सोडंना मला. मातीला काय मी येत न्हाई आता. निदान नेटवर अप्पाचं तोंड तरी दाव. एकडाव बघू दे."

"काळजी करू नको," मी म्हणलो, "मी हाय न्हवं?"

हे वाक्य मी म्हणलो की घरात काय ना काय मोडतंच.

अप्पांना आंघोळ घातली, आमच्यात मयताला बसवूनच माती देत्यात, तसं भिंतीला टेकवून बसवलं. डोक्याला बसूनंच पाठवलेल्या कापडाचा पटका बांधला. कम्प्युटर समोर आणून ठेवला. मोडेमचं बटण दाबलं. कडेचा दिवा लागला. मधला, लाईनचा दिवा लागंना!

"कम्प्युटर तरी लावून बघा की," माझी बायको महादेवी म्हणली.

"दिवा न्हाई म्हणजे लाईन न्हाई! मग कम्प्युटर लावून काय त्येची आरती करू?"

"पण फोन तर चालू हाय. आत्ताच आत्यानं हुमनाबादला लावला."

"फोन येगळा, नेट येगळं! कोर्स मी केलाय का तू?"

रडणाऱ्या बाया रडायचं थांबवून ऐकायल्या. शरणप्पा काका म्हणले, "बंद करून चालू कर." केलं. कुणी म्हणलं, "उंचावर ठेव, रेंज येतीया." ठेवलं कपाटावर. टेलिफोन ऑफिसला फोन लावला, तर सणाची सुट्टी अजून सरलीच न्हवती. मातीचे मंत्र म्हणणारे स्वामी आले आणि म्हणले, "दिस मावळायच्या आत हलवाया पाहिजे." तिकडं शेतात खड्डा पण खांदून झाला होता. मधीच बसूचा फोन, "अण्णा, झालं का?"

"झालंच बघ!"

मी शिडी लावून दारावरच्या पत्र्यावर चढलो. तिथं तारेला सांधा होता. "बघा! गंजलाय सांधा!" असं वरून ओरडलो, आणि पक्कडीनं तार तोडली. आत आत्या, अप्पांची भण, हुमनाबादच्या पावण्याला पत्ता सांगायली होती, ती एकदम "हॅलो, हॅलो, मेला का काय ह्यो?" म्हणायला लागली. तार आखूड पडली. मग जुन्या रेडिओची तार आणा, ती दातानं सोला, जोडा. त्यातच दुपार गेली.

खाली येऊन बघतो, तर दिवा न्हाईच! माझं डोकंच फिरलं. मोडेम उचललं आणि अंगणात आपटायला हात वर नेला. अंगठा त्येच्यावरून घसरला. कुंकवाची खपली निघाली. आणि खाली हिरवा दिवा, लख्ख!

त्यो लागलेलाच होता हो. सकाळपासून! आपल्या कुंकवाखाली गपगुमान जळायला होता बिचारा. आणि म्या चांगली तार तोडून पुन्हा जोडली होती. महादेवीनं नुस्तं कम्प्युटरकडं बोट दाखवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

कम्प्युटर लावला. त्येला उठायला येळ लागतोय की! बाहेर हलगी सुरू झाली. माणसांनी अप्पांना उचललं. "थांबा रं, जरा थांबा!" मी वरडतोय तवर पडद्यावर बसू आला. कामाच्याच कपड्यात, मागं त्याच्यासंगतीचे कामगार टोप्या काढून उभे.

"अण्णा, काय दिसंना. नुस्तं लाल लाल दिसायलंय."

कॅमेरा! कॅमेऱ्याची पण पूजा केली होती ना म्या. मन लावून.

बाहीनं पुसला. आधी फिसकटलं, मग साफ झालं. तवर अप्पा उंबऱ्याच्या भाईर गेले होते.

"अण्णा, पाठ दिसायलीया. फिरवा की त्येनला जरा."

स्वामी हळूच म्हणले, "उंबरा वलांडल्यावर मागं फिरवत न्हाईत, बाळा."

बसू पडद्याजवळ सरकला. मग म्हणला, "पटका माझाच बांधलाय न्हवं?"

"व्हय रे, तुझाच."

"बरं."

गल्लीच्या वळणाला पटका दिसंनासा झाला. मी कॅमेरा हातात धरून दारात तसाच उभा होतो. त्येची तार तिथवरच पुरत होती.

पुढल्या खंडेनवमीला बसू सुट्टीवर आला होता. मी ताट घेऊन मोडेमपाशी बसलो. तसा बसूनं माझा हात धरला.

"अण्णा, त्येला कामून लावतोस? त्येच्यात बिघाड कवाच नव्हता."

माझ्याच हातातलं कुंकू घेऊन त्यानं माझ्या कपाळाला लावलं, इभूत पण लावली. म्हणला, "झाली पूजा. आता शिलंगण होईस्तोवर हे डोस्कं चालवायचं न्हाई."

महादेवी आतून म्हणली, "शिलंगणापतूरच कामून, भाऊजी? चांगलं कायमचं इसाव्याला ठेवा की!"