आवाज गेल्यानंतरच्या सुनंदाताई

सुनंदाताई गेल्या त्या सकाळी मी पुण्यात एका मुलीची तोडी ऐकत होते. तरुण गायक-गायिकांसाठी आमचा निवासी वर्ग चालतो, त्यात सकाळची पहिली तालीम माझी असते. मुलगी डोळे मिटून कोमल गंधारापाशी घुटमळत होती, तेवढ्यात गुडघ्याशी ठेवलेला फोन उजळला. ताईंचे धाकटे भाऊ मिलिंददादा यांचा निरोप होता... ताई गेली. मी मुलीला थांबवलं नाही. तिला तो गंधार नुकता कुठे सापडत होता, आणि अशा वेळी कुणाला थांबवायचं नसतं, हे मी ताईंकडेच शिकले होते. तंबोरा वाजत राहिला, खिडकीतलं ऊन सतरंजीवर सरकत आलं, आणि आपण पुण्यात आहोत की ताईंच्या माजलगावात हे मला बराच वेळ नीट उमगेना.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजूनही डोळे मिटले की धरणाचं पाणी दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत ताईंचं शिबिर असायचं. उजाडायच्या सुमाराला त्या आम्हा मुलांना पाण्याकाठी घेऊन जायच्या. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नसे. आम्ही स्वेटर-शालींत गुरफटून मातीवर बसायचो आणि खर्जातला सा लावायचो. तो सा पाण्यावरून लांब जायचा, आणि दूर कुठेतरी कुणीतरी तो झेलून घेतंय असं वाटायचं. धुकं विरळ होत गेलं की पाण्यावर पक्षी दिसू लागायचे, आणि मग ताई हसून म्हणायच्या, चला, चहा.

माझं गाव नांदूरघाट. वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की तिच्या घरघरीत एक सूर असे, आणि मी दिवसभर त्याच सुरात काहीबाही गुणगुणत बसायची. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं म्हणून वडील मला माजलगावला ताईंकडे घेऊन गेले. उंबऱ्याजवळच उभं राहून ते म्हणाले, "बाई, हिला गाणं कशापायी शिकवायचं, मला कळत न्हाई. पण ही गप बसत न्हाई." ताईंनी मला आत बोलावलं, काही विचारलं नाही, फक्त तंबोरा सुरू केला. मी गिरणीबरोबर गायची तशीच त्याच्याबरोबर गाऊ लागले. दिवाळीला पाठवून द्या, एवढंच त्या वडिलांना म्हणाल्या.

ताई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या वडिलांची गायनपार्टी होती. भीमजयंतीला गावोगावी बोलावणं यायचं, आणि लहानग्या सुनंदाला कोरसमध्ये पहिल्या ओळीत उभं करत. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत एका वृद्ध खाँसाहेबांनी तिला शिकवायचं कबूल केलं. कैक वर्षं शनिवारची शाळा सुटली की ताई एसटीत बसायच्या आणि रविवारी संध्याकाळी परतायच्या. त्या खिडकीशी बसून अख्खा रस्ता मनातल्या मनात गायच्या. आपल्या भागातल्या मुलांना गाण्यासाठी एवढं लांब जावं लागू नये, असं त्यांच्या मनात याच प्रवासात आलं. म्हणून हे शिबिर, आणि वर्षभर शनिवार-रविवारचा वर्ग.

शिबिरात शेतकऱ्यांची मुलं असत, साखर कारखान्यातल्या कामगारांची असत, सिरसाळ्याच्या व्यापाऱ्याची आफरीन असे. सगळी ताईंच्या घरीच राहायची, जेवायची. सुरुवातीला एक-दोन घरांतून मुलांसाठी वेगळे डबे यायचे. ते का येतात, हे ताईंना कळत होतं. ताईंच्या आईच्या येसराच्या आमटीचा वास सुटला की डब्यांची झाकणं उघडायचीच राहायची. हळूहळू डबे यायचे थांबले.

आम्ही सगळे ताईंसारखं गायचो. त्यांचा आवाज रुंद, थोडा नाकात फिरणारा; आम्हीही तसाच काढायचो. त्यांची मान डावीकडे कलायची, आमच्याही माना कलायच्या. एका वर्षी शिबिराच्या शेवटी पुण्याच्या एक गायिका आल्या. ऐकून त्या म्हणाल्या, डोळे मिटले तर एकच मुलगी गातेय असं वाटतं. आम्हाला ती शाबासकी वाटली. ताई मात्र त्या दिवशी ताटातलं नुसतं चिवडत राहिल्या.

मी कॉलेजात असताना ताईंच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत आवाज दुखावू शकतो, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, आणि झालंही तसंच. ताई घरी आल्या त्या नुसत्या कुजबुजीसह. कोरड्या पानांवरून वारा जावा तशी ती कुजबुज. शिबिर आता बंद, असं सगळे धरून चालले होते. ताईंनी मला बोलावून घेतलं. त्या कानात सांगायच्या, मी मुलांना गाऊन दाखवायची. तो काळ आठवला की अजून अंगावर शहारा येतो... सुचायचं त्यांना आणि उमटायचं माझ्या गळ्यातून. एखादी जागा घेताना ती त्यांची की माझी, हे मला सांगता आलं नसतं.

मग पुण्याच्या निवासी वर्गासाठी माझी निवड झाली. निवडचाचणीला ताईंनीच पाठवलं होतं. मी जायचं नाही असं ठरवलं. वडीलही म्हणाले, बाईला आत्ता सोडून जाऊ नको. ताईंना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकटीला पाण्याकाठी घेऊन गेल्या. त्यांचं बोलणं ऐकायला अगदी जवळ सरकावं लागायचं.

"मीने, तू माझ्यासारखी लई चांगली गातीस," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जा."

"मग मुलांना गाऊन कोण दाखवणार?"

"कुणीच न्हाई. बघू काय होतं."

मी गेले. ताईंनी खरोखरच कुणाला गाऊन दाखवलं नाही. मुलाच्या पाठीवर तळवा ठेवून त्या डोळे मिटून बसायच्या. मूल सूर शोधत राहायचं. श्वास अडला की तळवा किंचित दाबला जायचा, सूर बसला की ताई डोळे उघडायच्या. बस, एवढीच तालीम. जिला स्वतःला गाता येत नाही ती काय शिकवणार, असं म्हणून पुष्कळ पालकांनी मुलं काढून नेली. खोली जवळजवळ रिकामी झाली. आफरीन आणि तिच्यासारखी मोजकी पोरं तेवढी टिकली. ताईंना ते लागलं असणार, पण शनिवारी सतरंजी अंथरायची त्यांनी सोडली नाही.

पुढच्या दिवाळीला मी आले तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं. मी चपला न काढता बाहेरच उभी राहिले. एक आवाज जाड, जमिनीलगत चालणारा. एक बारीक आणि धारदार. एकाला मध्येच तडा जायचा, आणि त्या तड्यासकटच तो छान वाटायचा. त्यातला एकही ताईंसारखा नव्हता. आत गेले तेव्हा ताई माझ्याकडे बघून हसल्या, ऐकलंस ना, अशा अर्थानं. हळूहळू खोली पुन्हा भरू लागली.

गाण्याची आठवण येते का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज पहाटे स्वप्नात गाते की. जाग येते तेव्हा गळा दमलेला असतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. नुकत्याच कुठून तरी गाऊन आल्यासारख्या त्या दिसत होत्या.

मागच्या रविवारी माजलगावला गेले. वर्ग आता आफरीन चालवते. ताई बसायच्या त्या खोलीचं दार सरळ रस्त्यावर उघडतं, आणि रियाज चालू असताना ते लावलेलं ताईंना खपत नसे. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, भाजीवाली ओरडायची, शेजारची कोंबडी आत येऊन बसायची. ताईंचं म्हणणं, गाणं रस्त्यावर जाऊ द्या, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. मी कोपऱ्यात बसले होते. एक नवी मुलगी, ताईंकडे तिला जेमतेम काही महिने शिकायला मिळालेलं, सा लावून बसली होती. वाऱ्यानं दार आपटून बंद झालं. कुणी काही म्हणायच्या आत ती सूर न सोडता उठली, तसाच सा लावत दारापर्यंत गेली, दार उघडून त्याला पायानं दगड लावला आणि पुन्हा जागेवर येऊन बसली. मग तिनं श्वास घेतला.