रड की, मी हाय हितं!

बालवाडीतल्या पोरांच्या खिशात दिवसभरात खडे साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठतात. कुणी घातले, कधी घातले, पत्ता नाही. घरी जाऊन झटकलं की ढीग! मी जुळे सोलापुरात एक बालवाडी चालवते आणि तिथल्या बायकांना लहान मुलांचं मन कसं सांभाळायचं ते शिकवते. माझं मन कोण सांभाळतं ते विचारू नका.

हे ट्रेनिंग सुरू झालं भाग्यामुळं. साडेतीन वर्षांची पोर, घरी कन्नड बोलणारी. तिच्या आईला, रेणुकाला, चिंचोळी एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेली. भाग्या आली की आईची ओढणी पोटाशी धरून खिडकीखाली बसायची. खेळ नाही, शब्द नाही, नुसते डोळे वाहायचे. रेणुका मला म्हणाली, "मॅडम, दिवाळीपतोर रमली तर बरं. न्हाईतर मैंदर्गीला सासूकडं ठेवावी लागंल. मग महिन्यातनं एकदा दिसंल." मी त्याच आठवड्यात बालवाडीतल्या सगळ्या बायकांना ट्रेनिंगला बसवलं.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मूल रडायला लागलं की तुम्ही काय म्हणता?"

सगळ्या एका सुरात ओरडल्या, "गप!"

म्हटलं, आजपासून 'गप' बंद. फळ्यावर लिहून दिलं, 'तुला रडू येतंय. रड. मी इथे आहे.' पोरांना भरवणाऱ्या आमच्या सुरेखाताईंनी ते दोनदा वाचलं. "असं कोन बोलतंय मॅडम? सिरियलमदी बोलत्यात असलं." आणि स्वतःच दुरुस्त करून टाकलं, "रड की. मी हाय हितं."

मी म्हटलं, "अहो, 'की' नको. 'रड की' म्हणजे 'रडून दाखव' असं वाटतं."

"मॅडम, हितं ये की, बस की, खा की, असंच चालतंय. 'की' काढला तर पोरांना वाटंल, बाई रागावल्यात!"

राहिला मग 'की'.

*

दुसऱ्या दिवशी नाटक केलं. शबाना टीचर रडणारं मूल झाल्या आणि बाकीच्यांनी समजूत काढायची. शबाना टीचर अशा काही रडल्या की बाकीच्यांचेही डोळे भरले. सुरेखाताईंनी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी म्हटलं, "बास टीचर, नाटक संपलं."

त्या नाक पुसत म्हणाल्या, "रुको मॅडम, और थोडा रोने दो. घर में टाइमच नै मिलता!"

आम्ही हसलो, पण त्यांना रडू दिलं. लई बरं वाटलं त्यांना नंतर.

*

मग मी चेहऱ्यांची चित्रं आणली. एक हसरा, एक रागावलेला, एक घाबरलेला, एक रडका. सकाळी प्रत्येकानं आपला चेहरा उचलायचा. एका पोरानं चारही उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "यात भूक लागल्याला कुटाय?"

खरंच नव्हता! शबाना टीचरनी भुकेचा चेहरा काढला, शेजारी भाकरी आणि शेंगाचटणीपण. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग सकाळी सकाळी भुकेला. बाकीच्या चेहऱ्यांना कुणी विचारीना. भाग्याला विचारलं, तर तिनं ओढणीत तोंड खुपसलं.

*

सुरेखाताईंनी तर शिकलेलं घरीही चालवलं. आमटी खारट झाली म्हणून मालक ताट सरकवून उठले. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमाला राग आलाय. येऊ द्या की. मी हाय हितं."

मालकांनी तडक मेव्हण्याला फोन लावला, "तुमच्या बहिणीला काय झालंय बघा, लवकर या!"

*

आईबापांसाठीही एक नियम केला. मुलाची नजर चुकवून पळायचं नाही, सांगून जायचं. आणि वेळ घड्याळातली नाही, मुलाला कळेल अशी सांगायची, "डबा झाला, झोप झाली की येतो."

एक आजोबा नातवाला अगदी तसंच सांगून गेले. सगळी पोरं घरी गेली तरी यांचा पत्ता नाही! नातू दारात, मी दारात. शेवटी आले डोळे चोळत. मी भडकलेच.

"रागावता काय मॅडम? तुमीच म्हनला की, झोप झाली की या. आत्ता झाली झोप!"

*

आणि दिवाळी जवळ आली. सुरेखाताई रोज खिडकीखाली भाग्याशेजारी बसून तांदूळ निवडायच्या. तिचे डोळे भरले की म्हणायच्या, "रड की. मी हाय हितं." रोज. पोरीनं एकदाही तोंड उघडलं नाही. शबाना टीचर म्हणायच्या, मराठी तरी कळतंय का तिला?

त्या सकाळी रेणुका भाग्याला सोडून दारातच थांबली. "मॅडम, आजचाच दिवस. उद्या सासूबाई न्यायला येत्यात," एवढं बोलली आणि तिथंच ढसाढसा रडायला लागली. बाहेर कंपनीची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. आम्ही तिघी धावलो. एवढं ट्रेनिंग झालेल्या आम्ही! तिघींच्या तोंडून एकदमच आलं, "गप, गप, गप!"

खिडकीखालून भाग्या उठली. आमच्या मधून वाट काढत आईपाशी गेली आणि ती ओढणी तिच्या हातात दिली.

"अव्वा, रड की. मी हाय हितं."

मग जरा विचार करून म्हणाली, "झोप झाली की ये."