पाण्यात न उतरलेली माय

तापीच्या जन्मदिवशी सुरतेच्या घाटावर नदीला चुंदडी, म्हणजे लांबलचक लाल ओढणी, वाहायला गर्दी होते. त्या गर्दीत, पाण्याजवळच्या पायरीवर एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसली होती. लाट आली की पदर आवरून ती वर सरकायची. नेसण्यावरून आमच्या खान्देशातली वाटली.

मी सहज म्हणालो, "माय, न्हायचं नसेल तर राहू दे. तापीचं नुसतं स्मरण केलं तरी पुण्य मिळतं, असं पुराणात सांगितलंय."

ती पाण्याकडे बघतच बोलली. "पोरगा इथं कापडाच्या लूमवर कामाला होता. करंट लागून गेला. हे शहर त्याला कधी मानवलंच नाही, मला घरी ने म्हणायचा. म्हणून अस्थी गावाला नेल्या. आमच्या घाटावर तापीत सोडल्या."

पाय आणखी आत ओढून म्हणाली, "तापी तिथून वाहत इथंच येते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, भाऊ."

शेजारी कुणीतरी डुबकी मारली आणि तिच्या पायांवर पाणी उडालं. ते तिने पदराने हळूच टिपलं, आणि तो ओला पदर मुठीत धरून बसून राहिली.